चिखलाचा दौरा

बोरटेक फाट्यापासून खैरझरीपर्यंतचा चार किलोमीटरचा चिखल एकोणीस वर्षांपासून सरकारी नोकरीत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने एकदाही कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. पद होतं टायर परीक्षक, वर्ग तीन.

नोकरी त्याने मागितली नव्हती. रस्ता व्हावा म्हणून खैरझरीच्या ग्रामसेवकाने एक फॉर्म भरला होता. त्यात ‘सदर रस्त्यावर नेमलेल्या कर्मचाऱ्याचे नाव’ असा रकाना होता. कुणी नेमलेलंच नव्हतं, म्हणून ग्रामसेवकाने रकाना कोरा ठेवला, तर फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा रेघ मारली, तरी परत आला. तिसऱ्यांदा वैतागून त्याने रस्त्यावर जे दिसलं ते लिहिलं : चिखल. वडिलांच्या नावापुढे पाऊस लिहिलं, आईच्या नावापुढे काळी जमीन. या वेळी फॉर्म मंजूर झाला.

कर्मचारी म्हटला की त्याला काम हवं. चिखलाला काय येतं याची रीतसर चौकशी झाली. त्याला टायर धरता येत होते, दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचे टायर चिखलाने तपासावेत आणि पास झालेल्यालाच पुढे जाऊ द्यावं, असा आदेश निघाला. रस्त्याचं काय, असं खैरझरीवाल्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना समजावून सांगण्यात आलं, की नोकरीत कायम असलेल्या माणसाच्या अंगावर मुरूम टाकता येत नाही. तो निवृत्त झाला की रस्ता होईल. जन्मतारीख फॉर्म भरल्याच्या दिवसाची लागली होती, त्यामुळे निवृत्तीला अजून एकोणचाळीस वर्षं होती. शून्य वयाचा उमेदवार नोकरीला कसा लागला, ही हरकत मुदतीत घ्यायला हवी होती. ती कुणी घेतली नाही.

मृगाला चिखल कामावर हजर होई, दिवाळीपर्यंत राबे आणि उन्हाळ्यात हक्काच्या रजेवर जाई. जिल्ह्याचे साहेब रस्त्याची पाहणी करायला दर वर्षी मे महिन्यात येत. त्यांना रस्ता दर वर्षी उत्तम आढळे.

फाट्यावर कुसुम येरणेचं पंक्चरचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं तिने एकटीने ते चालवलं होतं, आणि त्या पंचक्रोशीत टायरमधलं तिच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. चिखलाला तेवढं कळे. दुकानाच्या दारातून परीक्षा सरळ दिसत. गाडी दीडशे पावलं आत जायची, चिखल तिला धरायचा, आणि बाजूला फळीवर खुर्ची टाकून, छत्री लावून बसलेला कार्यालयाचा कारकून भोयरबाबू गुण लिहायचा. काळ्या जमिनीचा चिखल वाळूच्या चिखलासारखा भोळा नसतो. तो खाली पाय टेकू देत नाही आणि वरून सोडत नाही. बारीक नक्षीचा टायर आत गेला की पहिल्या फेऱ्यात त्याच्या खाचा भरत, दुसऱ्यात बुजत, आणि तिसऱ्या फेऱ्याला टायर पुरणाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राही. मग भोयर ‘नापास’ लिही आणि बैलजोडी बोलावली जाई.

त्या वर्षी कुसुमचा जीव टांगणीला लागला होता. तिची एकुलती एक लेक वैशाली खैरझरीला दिलेली, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं होतं. पण वैशालीच्या सासूने चांगला दिवस बघितल्याशिवाय सून हलवायची नाही असा हट्ट धरला, आणि पंचांगातला चांगला दिवस नेमका मृगानंतर निघाला. सासूबाईंनी चांगला दिवस पाहिला, चिखलाचं वेळापत्रक पाहिलं नाही. आता वैशालीला नववा लागला होता, तिचं रक्त कमी होतं, आणि मधे चार किलोमीटर परीक्षा पसरली होती. बैलगाड्यांनाही आता रबरी टायर, म्हणजे त्याही परीक्षेत. पायी जायला मनाई नव्हती, पण मांडीभर चिखलातून भरल्या दिवसांची बाई कोण चालवणार?

एकच आशा होती, आरोग्य केंद्राची जीप. तिचे टायर जिल्ह्याहून टेंडरने आले होते आणि त्यांच्यावर छापलं होतं ‘सर्व रस्त्यांसाठी उपयुक्त’. ती दोनदा परीक्षेला बसली आणि दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी चिखलाने शेरा दिला होता, ‘जो टायर सर्व रस्त्यांसाठी असतो, तो या रस्त्यासाठी नसतो.’ एका पावसाळ्यात तीनच संधी. तिसरी हुकली की दसऱ्यापर्यंत बंदी.

शेवटी एका सकाळी कुसुम पदर खोचून चिखलाच्या काठाशी जाऊन बसली.

“साहेब, माह्या पोरीचे दिवस भरत आले,” ती म्हणाली. “जीप जाऊ द्या ना जी.”

चिखल हळू बोलत असे. प्रत्येक शब्द त्याच्यापासून सुटायला वेळ लागे.

“येरणेबाई, मी कुणाला अडवत नाही,” तो म्हणाला. “मी फक्त धरतो. सुटणं हे टायरचं काम आहे.”

“मंग टायर कसा पायजे ते तरी सांगा.”

“परीक्षकाने उत्तर सांगायचं नसतं.”

कुसुम उठली नाही. चिखलाने भोयर चहाला गेल्याची खात्री करून घेतली.

“तुमच्या दुकानाबाहेर ट्रॅक्टरचा एक जुना टायर टेकवलेला आहे,” तो म्हणाला. “त्याच्या दोन दातांच्या मधे तुमची मांजर झोपते. जीपच्या टायरच्या दोन दातांमधे मुंगीला कूस बदलता येत नाही. हे मी परीक्षक म्हणून बोलत नाही, शेजारी म्हणून बोलतो.”

कुसुम तशीच दुकानात आली आणि तिने सुरी तापत ठेवली. जीपचा ड्रायव्हर किसना मडावी टायर काढून द्यायला तयार होईना. सरकारी टायर आहे, कापला तर आपली नोकरी जाईल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

“कापला तं तुही नोकरी जाईन,” कुसुम म्हणाली. “नाई कापला तं माहं काय जाईन, ते तुले सांगू?”

मडावीने मुकाट्याने जॅक लावला.

दोन दिवस ती टायर कोरत बसली. एक दात ठेवायचा, एक उडवायचा. कडेचे दात बाहेरच्या बाजूने मोकळे केले, म्हणजे आत शिरलेला चिखल अडकून न बसता बाजूने निघून जाईल. रबराच्या वासाने डोकं भणभणलं, बोटांना फोड आले. चारही टायर झाले तेव्हा ते टेंडरचे राहिले नव्हते, टायर झाले होते. मग तिने प्रत्येकातली हवा अर्ध्यावर आणली, म्हणजे टायर पसरून बसेल आणि रुतणार नाही. शेवटी तिने मडावीला पढवलं, की मधे थांबायचं नाही, दुसरा गिअर सोडायचा नाही आणि घाबरून रेस कमी करायची नाही. चाक जोरात फिरलं तरच अंगावरचा चिखल फेकतं. जीव गेला तरी ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. ठेवलास तर मी आहे आणि तू आहेस.

तिसऱ्या परीक्षेला निम्मं बोरटेक काठावर उभं होतं. जीप आत गेली. चिखलाने धरलं, चाकाने फेकलं. चिखलाने पुन्हा धरलं, चाकाने पुन्हा फेकलं. ढेकळं भोयरबाबूच्या छत्रीवर धपाधप येऊन पडली. दीडशे पावलं संपली तरी टायरच्या खाचा स्वच्छ होत्या. चिखलाने शंभरात एक्याण्णव गुण दिले आणि शेरा सांगितला, ‘एकोणीस वर्षांत असा टायर धरायला मिळाला नव्हता. तो सुटला याचं समाधान आहे.’ कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

“आता जाऊ द्या जीप खैरझरीले,” ती भोयरला म्हणाली.

भोयरने छत्री झटकली आणि नियम सांगितला. निकाल जिल्ह्याला जाईल. तिथून प्रमाणपत्र यायला पंधरा दिवस लागतील, तेही कामाचे. तोपर्यंत वाहन परीक्षा संपली त्या जागेवरून हलता कामा नये. आणखी एक बाब होती. दप्तरी नोंदीप्रमाणे प्रत्येक टायरला अठ्ठेचाळीस दात होते आणि आता चोवीसच भरत होते. तरी कमी भरलेले दात कार्यालयात जमा करावेत. कुसुमने दात पिशवीत भरून आणून दिले. भोयरने ते मोजून घेतले आणि पोच दिली.

जीप तिथेच उभी राहिली. चिखलाने तिला धरलंही नव्हतं आणि ती सुटलीही नव्हती.

सातव्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. वैशालीला कळा सुरू झाल्या होत्या आणि अंगावरून रक्त जात होतं. कुसुम फोन हातात तसाच धरून धावत सुटली. तिच्यामागून आरोग्य केंद्रातली सिस्टर सामानाची पेटी घेऊन आली, मडावी आला. तिघं चिखल तुडवत जीपपर्यंत पोहोचली. मडावीने किल्ली लावली तशी भोयरबाबूने फळीवरून हात वर केला.

“वाहन हलणार नाही. प्रमाणपत्र नाही.”

सिस्टरने विनवलं. मडावीने हात जोडले. भोयर वाईट माणूस नव्हता. त्यालाही कळवळा आला होता, पण तो नोंदवायला त्याच्याकडे रकाना नव्हता. कुसुमला रडू आलं नाही, संताप आला. इतका, की भोयरला त्याच्या खुर्चीसकट चिखलात दाबावं असं तिला मनापासून वाटलं. ती भोयरशी बोललीच नाही. ती जीपच्या दारातून खाली वाकली.

“साहेब,” ती म्हणाली, “पास तुमीच केलं ना?”

चिखलाने विचारलं, “भोयर, वाहनाने माझ्यातून हलायचं नाही, असा नियम आहे?”

“आहे.”

“मी हलायचं नाही, असा आहे?”

भोयरने नियमांचं पुस्तक काढलं. थुंकी लावून पानं उलटली. कर्मचाऱ्यास आपल्या कार्यक्षेत्रात दौरा करता येतो, दौऱ्याचा कार्यक्रम आदल्या दिवशी द्यावा, तातडीच्या प्रसंगी मागाहून दिला तरी चालेल, एवढंच त्यात होतं.

“मी एकोणीस वर्षांत दौरा केलेला नाही,” चिखल म्हणाला. “लिहून घ्या.”

भोयरने वेळ लिहिली, नऊ वाजून चाळीस मिनिटं. इंजीन बंद ठेवावं आणि हँडब्रेक ओढून घ्यावा, एवढी सूचना त्याने मडावीला केली. मडावीने ती पाळली. आणि चिखल निघाला.

गाडी चालत नव्हती, चिखल चालत होता. जीप त्याच्या पाठीवर होती तिथेच उभी होती. दोन्ही बाजूंनी कपाशीची वावरं मागे सरकत होती. मडावीने सवयीने स्टिअरिंग धरलं होतं, मग ओशाळून सोडून दिलं. कुसुमने मागे वळून पाहिलं. चिखल उठून गेला होता तिथे रस्ता उघडा पडला होता, आणि त्याच्या तळाशी भूमिपूजनाची एक कोनशिला दिसत होती. पुढे दुसरी निघाली, मग तिसरी. तिन्हींवर वेगवेगळ्या साहेबांची नावं होती आणि रस्ता एकच होता.

खैरझरीच्या पारापाशी चिखल थांबला. वैशालीला बाजेवरून आणून जीपमध्ये निजवलं. सासूबाई आज कोणता वार आहे म्हणून विचारू लागल्या, तेव्हा कुसुमने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पंचांग कमरेला खोचून ठेवलं. परतताना चिखल इतका जपून चालला, की सिस्टरच्या पेटीतली बाटलीसुद्धा वाजली नाही. दुपारी फाट्यालगतच्या आरोग्य केंद्रात वैशालीला मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप होत्या.

महिनाअखेर चिखलावर चौकशी बसली. पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडणं आणि खासगी कामासाठी दौरा करणं, असे दोन ठपके होते. साक्षीला कुसुमला बोलावलं. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी तिला विचारलं, की वाहन जागेवरून हललं का.

“नाई जी. हँडब्रेक ओढलेला होता.”

“मग तुमची मुलगी इथे कशी आली?”

“साहेब घेऊन आले.”

तसं लिहून घेण्यात आलं. वाहनाच्या बाबतीत नियमभंग झालेला नाही, असा निष्कर्ष निघाला. चिखल मात्र दोषी ठरला. त्याची बदली शिक्षेच्या जागी झाली, एका दगडी माळावर, जिथे चार चार वर्षं पाऊस पडत नाही. पासष्ट ट्रॉल्या भरून त्याला नेलं. जाता जाता त्याने ट्रॉल्यांचे टायर पाहिले आणि त्यांतल्या दोघांना तोंडी ताकीद दिली. कुसुमने पहिल्या ट्रॉलीत नारळ ठेवला आणि ती भर रस्त्यात उभी राहून रडली. पोरीच्या पाठवणीला रडली नव्हती तेवढी रडली.

त्यानंतर भर पावसाळ्यात रस्ता पहिल्यांदाच मोकळा झाला. पावसानेही उघडीप दिली होती. दोन दिवस सायकली, गाड्या, पोरंसोरं कुणीही उठून खैरझरीला जात होतं. तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या लक्षात आलं, की परीक्षकाचं पद रिकामं आहे, आणि रिकामं पद हंगामभर भरलं नाही तर ते रद्द होतं. चौथ्या दिवशी फाट्यावर पाण्याचे सहा टँकर येऊन उभे राहिले. चैत्रात खैरझरीच्या बायकांनी प्यायच्या पाण्यासाठी एक टँकर मागितला होता. तेव्हा जिल्ह्यात एकही टँकर शिल्लक नाही असं उत्तर आलं होतं, आणि ते उत्तर कुसुमने स्वतः वाचलं होतं. आता रोज सहा येत होते आणि रस्त्यावर ओतून जात होते. आठ दिवसांत नवा चिखल तयार झाला आणि प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाला.

सव्वा महिना झाला, तशी वैशाली बाळाला घेऊन सासरी निघाली. त्याच दिवशी प्रमाणपत्र आलं. मडावीने जीप काढली. कुसुम बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसली आणि खुशीत फाट्यावर आली. तिथे भोयरने हात वर केला. प्रमाणपत्र जुन्या परीक्षकाच्या गुणांवर निघालेलं होतं. नव्या परीक्षकाने टायर पुन्हा पाहायला हवेत.

नवा चिखल कोवळा होता, पातळ होता. त्याने जीपच्या चाकाकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “भोयरबाबू, टायर म्हणजे काय?”

भोयरला सांगता येईना. त्याने एकोणीस वर्षं फक्त गुण लिहिले होते.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. टँकरचं काम कसं चाललंय ते बघायला जिल्ह्याचे साहेब आले होते, रस्त्यावर पहिल्यांदाच पावसाळ्यात. चौकशी करणारे तेच ते. त्यांची गाडी नवी कोरी होती आणि तिच्या टायरांवर लखलखीत अक्षरांत छापलं होतं ‘सर्व रस्त्यांसाठी उपयुक्त’. त्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी जीपला बाजूने ओलांडून गाडी आत घेतली.

कुसुमने बाळ वैशालीकडे दिलं, पदर खोचला आणि खाली उतरली.

“हे पाहा साहेब,” ती नव्या चिखलाला मायेने म्हणाली, “हा एक टायर. याले धरा.”

नव्या चिखलाने धरलं. पहिल्या फेऱ्यात खाचा भरल्या, दुसऱ्यात बुजल्या, तिसऱ्याला साहेबांची गाडी दारापर्यंत बसली. साहेबांनी काच खाली करून भोयरकडे पाहिलं. भोयरने ‘पहिली संधी, नापास’ असं लिहिलं आणि बैलजोडी सध्या पेरणीत असल्याचं अदबीने कळवलं. पेरणी कधीच उरकली होती.

“आता हा दुसरा टायर,” कुसुम म्हणाली. मडावीने दुसरा गिअर टाकला. जीप ढेकळं उडवत निघाली आणि पुढच्या वळणाआड दिसेनाशी झाली. मागच्या काचेतून वैशालीने बाळाचा हात हलवला.

नव्या चिखलाला शिकवण्याची पद्धत आवडली. एकच गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती.

“बाई,” त्याने विचारलं, “धरलेला टायर सोडायचा कसा?”

कुसुमने हातपाय धुतले, पदर सोडला आणि दुकानाकडे वळली.

“ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासाले हाये,” ती म्हणाली.

भोयरबाबूने तसं लिहून घेतलं.